वाटीत नुसतं फळ

पोरी, बाळाला सहा महिने पुरे झाले, मान धरतंय, आधार दिला की बसतंय आणि आपण जेवताना घासाकडं टक लावून बघतंय, म्हणजे वरचं सुरू करायला हरकत नाही. फळ मऊ करून भरवायला कला लागत नाही. अवघड असतं ते आपला हात आवरणं. घरात येणारं प्रत्येक माणूस तुला त्यात काहीतरी घालायला सांगेल.

आपल्या कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिळू दे. वर्षाच्या आतल्या लेकराला तो नको, साखर नको, मीठही नको. मध तर चाटवायलासुद्धा नको. त्यात एका जंतूची बीजं असू शकतात. ती आपल्याला पचतात, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष सोडतात, आणि घरच्या शिजवण्यानं मरत नाहीत. कुणी म्हणालंच की आमची पोरं मधावर वाढली, तर हो म्हण आणि बाटली वरच्या फळीवर ठेव. गंगावेशीत कट्ट्यावर धार काढून देतात ते कच्चं दूध पैलवानांनी खुशाल प्यावं, बाळाच्या वाटीत ओतू नकोस. पातळ करायचंच तर तुझं दूध चमचाभर, नाहीतर उकळून गार केलेलं पाणी.

सुरुवात केळ्यानं कर. जवारी मिळालं तर बरं, लहान असतं, उरत नाही. सालीवर तपकिरी ठिपके आलेले बघून घे. देठाकडं हिरवं असलं तर एक दिवस थांब. चमच्याच्या पाठीनं चेचलं की झालं. हवा लागली की काळं पडतं, म्हणून भरवायच्या वेळीच सोल. चिकू असाच, पण पूर्ण पिकलेला. कच्च्यातला चीक जीभ आवळतो. त्याच्या बीला टोकाशी बारीक आकडा असतो, त्यामुळं बिया काढल्या तरी गर चाळणीवर घासूनच घे. सफरचंदाचा कच्चा तुकडा हातात देऊ नकोस, घशात अडकतो. सफरचंद, पेर सोलून, चिरून, पाणी न घालता छोट्या डब्यात भाताबरोबर कुकरला लाव. स्वतःचं पाणी सुटतं, ते टाकू नकोस, त्यातच कुस्कर.

आता मिक्सर. ज्या भांड्यात आपण कांदा-लसूण चटणी फिरवतो, त्यात बाळाचं काही म्हणजे काही नाही. कितीही घासलं तरी पात्याखाली तिखट बसलेलं असतं. खरं वाटत नसेल तर घासलेल्या भांड्यात कोमट पाणी फिरव आणि जिभेला लाव. त्यापेक्षा पुरणाची चाळणी बरी. आणि अगदी गंधासारखं गुळगुळीत करायच्या नादी लागू नकोस. चमचा तिरका केला तर घळकन सांडू नये, इतपत दाट ठेव. आठव्या महिन्यापासून थोडं रवाळ राहू दे, नाहीतर पुढं भाताचं शीत लागलं तरी उमळेल.

एक फळ तीन दिवस, मग दुसरं. पहिल्या दिवशी दोन चमचे पुरे. अंगावर पुरळ, उलटी, जुलाब दिसले तर ते फळ बंद करून डॉक्टरला दाखव. आणि तोंड सुजलं, श्वास लागला तर तसंच उचलून दवाखाना गाठ. शी घट्ट झाली तर पपई किंवा पेर दे. तासगावकडचे मनुके रात्री भिजवून, कुस्करून, गाळून दिले तरी चालतं. आंब्याच्या दिवसांत घाईनं पेटी उघडू नकोस. रंग पिवळाधमक आणि वास नाही, असा आंबा बाळाला नको. देठाचा चीक आधी धुऊन काढायचा, तोंडाभोवती लागला की कातडी लाल होते.

पण फळ म्हणजे जेवण नव्हे. मऊ डाळभात, नाचणी, शिजलेल्या अंड्याचा बलक हे हळूहळू यायलाच हवं. फळात लोह फारसं नसतं, आणि नुसत्या गोडाची चटक लागली की डाळीला तोंड फिरवतंय. रस तर वर्षापर्यंत नकोच, चावायचं सोडून पोर पिऊनच पोट भरतंय.

शिजवलेलं जास्त झालं तर भरवायच्या आधीच वेगळं काढून फ्रीजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी संपव. उष्टा चमचा बुडालेली वाटी मात्र परत ठेवायची नाही. तूच खाऊन टाक. लेकुरवाळीला कोण बसलंय फळ कापून द्यायला?