रोपण तेच, ऐकणे वेगळे

मूलच्या भातगिरणीत शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. असा गोंगाट, काही आजार वा औषधे यांनी गोगलगाईच्या शंखासारख्या कर्णावर्तातील केशपेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. फारच थोड्या उरल्या, तर आवाज मोठा करणारे श्रवणयंत्र पुरत नाही. मग कर्णावर्तात विद्युदग्रांची बारीक माळ बसवतात. ती श्रवणाच्या चेतातंतूंना थेट विद्युत्स्पंद देते.

समजा, दोन प्रौढांवर हीच शस्त्रक्रिया झाली. एकाचे ऐकणे दोन वर्षांपूर्वी गेले, दुसऱ्याचे तीस. बोलणे अधिक कोणाला समजेल? बहुधा पहिल्याला. रानातली पायवाट वापरली नाही की झुडपांनी बुजते. मेंदूतल्या श्रवणमार्गाचेही काहीसे तसेच. नुसते वय मात्र फारसे आड येत नाही; सत्तरीतल्यांनाही लाभ होतो.

तरी भाकीत कठीणच! बोलायला शिकल्यानंतर बहिऱ्या झालेल्या २२५१ प्रौढांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बहिरेपणाचा काळ, कारण, वय, वापराचा अनुभव हे सारे जमेस धरूनही माणसामाणसांतल्या फरकाचा थोडाच भाग उलगडला. यंत्र सुरू होते त्या दिवशी पुष्कळांना घरच्यांचे बोलणेही यंत्रमानवासारखे वाटते. शब्द नीट उमगायला काही महिन्यांचा सराव लागतो.