हिरव्या केसांची टाकी: काही अनुभवाचे बोल

नवी समुद्री टाकी पहिले काही महिने बघवत नाही. आधी वाळूवर तपकिरी डायटम, मग सायनोबॅक्टेरियाची किरमिजी बुळबुळीत साय, मग खडकांवर हिरवे केस, म्हणजे केसांसारखं लांब शेवाळ. लंडनच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते बघून एकच सल्ला देतो, ‘पाणी बदला की!’ त्यांच्यासाठी, आणि टाकी मांडायला निघालेल्यांसाठी, हे थोडं.

१. पाणी बदला, पण नळाचं नको. इथल्या जुन्या घरांत अजून शिशाचे पाइप आहेत. शिसं पाण्यात उतरू नये, पाइपाला आतून थर धरावा, म्हणून पाणी कंपन्या मुद्दामच फॉस्फेट मिसळतात. लिटरला साधारण एक मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे जवळजवळ तीन मिलिग्रॅम फॉस्फेट. माणसाला त्याने काही होत नाही, पण शेवाळाचं ते खतच. प्रवाळांच्या टाकीत मात्र आपण ०.०३ ते ०.१च्या आसपास राहायला धडपडतो. तेव्हा आरओ हवा, त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार ओढणारं डीआय रेझिन हवं, आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्यावरून हलला की रेझिन बदलायचं. यात काटकसर नको.

२. फॉस्फेटचा खरा साठा पाण्यात नसतो, खडकात असतो. बाजारात मिळणारा कोरडा खडक म्हणजे बहुधा जुन्या प्रवाळांचा चुनखडक. फॉस्फेट त्याच्या अंगाला चिकटून बसतं आणि पाण्यातलं कमी झालं की सुटू लागतं. सावकाराच्या वहीसारखं आहे हे: आज फेडलंत तरी उद्या बाकी निघतेच. म्हणून जीएफओ, म्हणजे लोह ऑक्साइडचे तांबूस दाणे, घातल्यावर आकडा उतरतो आणि थोड्या दिवसांत परत चढतो. दुकानदाराला शिव्या देऊ नका. दाणे आपलं काम करून संपलेले असतात, खडकाचं देणं संपलेलं नसतं. डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि संपले की बदलत राहावं. एका फटक्यात फॉस्फेट खाली ओढलं तर शेवाळाआधी प्रवाळच आजारी पडतात. कातडी सुटून पांढरा सांगाडा दिसू लागतो.

३. टाकीभर शेवाळ आणि तपासणीत फॉस्फेट शून्य, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. येईल ते शेवाळ गट्ट करतं, मोजायला पाण्यात उरत नाही. अशा वेळी मी यंत्रापेक्षा काचेवर भरवसा ठेवतो: आज खरवडलेली काच उद्याच धुरकट झाली, तर आवक चालूच आहे.

४. मोजायला मी वापरतो ते हॅना कंपनीचं छोटं यंत्र फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवतं. त्याला ३.०६६ने गुणून हजाराने भागायचं, की फॉस्फेटचा पीपीएम आकडा मिळतो. १० दिसलं म्हणजे सुमारे ०.०३. नमुन्याच्या बाटलीच्या काचेवर बोटाचा एक ठसा किंवा आत चिकटलेला बारीक बुडबुडाही आकडा वर नेतो. सुती फडक्याने पुसा, तपासणीची पूड हलक्या हाताने हलवून विरघळवा, आणि एका आकड्यावर निर्णय घेऊ नका.

५. शून्याचा हट्ट धरू नये. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही तळाला गेले की डायनोफ्लॅजेलेट फोफावतात: तपकिरी, शेंबडासारखे तंतू, टोकांना बुडबुडे. काही जाती विषारी असतात, गोगलगायी मरतात. मग शून्याचा हट्ट धरणारी तीच मंडळी फॉस्फेट विकत आणून टाकीत घालतात!

६. गोठवलेलं खाद्य धुऊन घालावं असं सगळे सांगतात. धुवा, पण बहुतेक फॉस्फेट खाद्याच्या मांसातच असतं. कमी घाला, हे जास्त खरं.

(मुंबई-पुण्याचे मित्र विचारतात, ‘आम्हीही प्रवाळ ठेवू का?’ नाही. भारतात खडक रचणारे प्रवाळ २००१पासून १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते मालवणला पाण्यात उतरून बघा.)

७. लांब केस हाताने उपटा, उरलेलं टूथब्रशने घासा, सुटलेले तुकडे नळीने ओढून बाहेर काढा. उपटलेल्या शेवाळाबरोबर त्याने खाल्लेलं फॉस्फेटही घराबाहेर जातं. गोगलगायीच्या पोटात गेलेलं बरंचसं विष्ठेतून पाण्यातच परत येतं. तरी गोगलगायी हव्यातच, पण खुरट्या शेवाळासाठी. लांब केसांना त्या सहसा तोंड लावत नाहीत. घ्यायच्या तर ट्रोकस घ्या. उलटी पडली तरी ती स्वतः सरळ होते. अ‍ॅस्ट्रिया जातीच्या गोगलगायीला ते जमत नाही, तिला रोज सकाळी बाही वर करून आपणच सुलटी करायची.