समांतर संगणक : रचनेचे प्रकार

उद्याच्या पावसाचे गणित परवा पूर्ण झाले, तर त्याचा उपयोग नाही. संगणकाच्या वेगाची निकड अशा कामात जाणवते. वेग वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे गणन करणारा घटक, अर्थात प्रक्रियक, अधिक वेगवान करणे. दुसरा म्हणजे अनेक प्रक्रियक एकाच कामास जुंपणे. या दुसऱ्या मार्गास समांतर संगणन म्हणतात.

अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल फ्लिन यांनी १९६६ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. आज्ञा एक की अनेक आणि आधारसामग्री एक की अनेक, एवढेच त्यांनी पाहिले. दोन्ही एकेरी असलेला तो जुना, साधा संगणक. अनेक आज्ञा व एकच आधारसामग्री हा प्रकार व्यवहारात क्वचितच आढळतो. शाळेच्या कवायतीत शिक्षकांच्या एका आज्ञेसरशी सर्व मुले हात वर करतात, हात मात्र ज्याचा त्याचा. एक आज्ञा, अनेक आधारसामग्री हा प्रकार तसा आहे. इलिनॉय विद्यापीठात आखलेल्या 'इलियाक ४' मध्ये असे ६४ घटक होते. चौथ्या प्रकारात प्रत्येक प्रक्रियक आपल्या सामग्रीवर आपल्याच आज्ञा चालवितो.

या चौथ्या प्रकारात खरा प्रश्न स्मृतीचा असतो. स्मृती सामायिक ठेवली, तर एका दप्तराभोवती दहा कारकून बसल्यासारखे होते: माहिती सर्वांच्या हाताशी, परंतु एकच नोंदवही दोघांना हवी झाली की खोळंबा. प्रत्येकास स्वतंत्र स्मृती दिली, तर प्रक्रियकांची संख्या वाढविणे सोपे जाते. मात्र शेजाऱ्याकडील माहितीसाठी संदेश पाठवून थांबावे लागते. शिवाय कामाचा दहावा भाग क्रमाक्रमानेच करावा लागत असेल, तर हजार प्रक्रियक जोडले तरी वेग दहापटीस पोहोचत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच या मर्यादेकडे लक्ष वेधले होते.

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे 'सी-डॅक'ने, स्वतंत्र स्मृतीचा मार्ग पत्करला. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे हवा तसा महासंगणक मिळणे कठीण झाल्यावर १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध केला. त्यातील 'ट्रान्सप्युटर' हे प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते. प्रत्येकास स्वतःची स्मृती आणि इतरांशी जोडणाऱ्या चार वाटा. विकत मिळणाऱ्या घटकांतून बळ उभे करण्याची ही युक्ती होती, आणि ती योग्यच म्हटली पाहिजे.

हवामानाचे गणित अशा रचनेस मानवते. प्रदेशाचे चौकोन पाडून ते प्रक्रियकांत वाटावयाचे; प्रत्येकाने आपल्या चौकोनातील वारा, दाब व आर्द्रता यांचे गणन करावयाचे आणि सीमेवरील आकडे तेवढे शेजाऱ्यास कळवावयाचे. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला, तो याच प्रकारच्या कामासाठी.