जुन्या दुकानवह्या कशा वाचाव्यात?

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. परंतु माळ्यावरील जुन्या वह्या उघडून पाहणारे थोडेच. भालकी, बसवकल्याण, आळंद या भागातील किराणा-भुसार दुकानांच्या वह्यांत आपल्या गावांचा संसार नोंदलेला आहे. त्या वाचताना तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली, मांडणी. कीर्दीत रोजचा व्यवहार क्रमाने असतो. खतावणीत तोच माणसागणिक लावलेला असतो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

दुसरी, साल. निजामी अमदानीतील फसली सालात ५९० मिळविले की इसवी सन अदमासे निघतो. १३५० फसली म्हणजे १९४०-४१.

तिसरी, नाणे. हाली शिक्का १९५९ पर्यंत चालला. १९५० नंतर भाव ७ रुपये हालीस ६ रुपये कलदार असा होता. म्हणून नावे ७० हाली व जमा ६० कलदार दिसल्यास दहा रुपये बाकी राहिले असे समजू नये. ते खाते चुकते झाले आहे.

आमच्याच घरच्या काही वह्या रद्दीत गेल्या. पेरणीच्या वेळी कोणी ज्वारी उधार नेली व सुगीला कोणी मान राखून फेडली, याची साक्षही त्यांबरोबर गेली. ज्यांच्या घरी अशा वह्या उरल्या असतील, त्यांनी त्या कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि मोडी जाणणारे वडीलधारे आहेत तोवर मुलांना शेजारी बसवून एकेक पान वाचून घ्यावे, ही विनंती.