शाळेतील लहान ध्वनिमिश्रक : मांडणी व वापर

स्नेहसंमेलनात किंवा प्रजासत्ताकदिनाच्या समारंभात एखादे मूल महिनाभर पाठ केलेले भाषण म्हणावयास उभे राहते आणि मागच्या रांगेतील पालकांना त्यातला एकही शब्द धड ऐकू येत नाही. कर्णा मध्येच शीळ घालतो, मूल दचकते, कोणीतरी बाजूने 'मोठ्याने बोल' म्हणून खुणावतो; आणि आपला आवाजच लहान आहे अशी समजूत करून घेऊन ते मूल खाली बसते. पुढच्या वर्षी ते भाषणासाठी नाव देत नाही. अशा प्रसंगी दोष बहुधा मुलाच्या आवाजात नसतो. माइकची उंची, तारेची जोडणी किंवा एखाद्या बटणाची चुकीची स्थिती यांत तो असतो. ज्या शाळांना ग्रामपंचायतीच्या साहाय्याने अथवा लोकवर्गणीतून लहान ध्वनिमिश्रक, म्हणजे बोलीतला मिक्सर, मिळाला आहे, तेथील शिक्षकांनी त्याची मांडणी एकदा नीट समजून घेतल्यास हा दोष पुष्कळ अंशी टळू शकतो.

निरनिराळ्या विहिरींचे पाणी एका पाटात सोडताना प्रत्येकीच्या तोंडाशी एक दार असावे आणि मुख्य पाटावर आणखी एक असावे, तशी या यंत्राची रचना असते. प्रत्येक माइकसाठी किंवा वाद्यासाठी एक उभी रांग असते. तिला चॅनेल म्हणतात. रांगेच्या माथ्यावर तार खोचण्याची जागा, तिच्याखाली 'गेन' नावाचे बटण, मग जाडा व बारीक स्वर कमीअधिक करण्याची दोनतीन बटणे आणि सर्वांत खाली त्या चॅनेलचा आवाज ठरविणारे 'लेव्हल' हे बटण अथवा सरकती पट्टी असते. सर्व रांगांचा आवाज एकत्र होऊन 'मेन' या शेवटच्या दारातून बाहेर पडतो व ध्वनिवर्धकाकडे, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे, जातो. एक रांग समजली की बाकीच्या समजल्या. चार चॅनेल असोत की बारा, फरक केवळ संख्येचा असतो.

तारा खोचताना मुख्य विवेक करावयाचा तो विजेच्या दाबाचा. माइकमधून निघणारा दाब अत्यंत अल्प, एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. मोबाइल किंवा संगणक यांतून निघणारा दाब याच्या शेकडो पट असू शकतो. म्हणून माइकसाठी तीन टोकांची गोल जागा आणि मोबाइलसाठी 'लाइन' अशी खूण असलेली जागा, हा भेद मोडू नये. हीच चूक दुसऱ्या टोकालाही होते. शाळेच्या जुन्या ध्वनिवर्धकावर 'माइक' आणि 'ऑक्स' किंवा 'लाइन' अशा वेगवेगळ्या जागा असतात. मिक्सरची बाहेर जाणारी तार त्यांपैकी 'माइक' या जागेत खोचली, तर मुळातच मोठा झालेला दाब पुन्हा मोठा केला जातो आणि आवाज फाटतो. मग यंत्र वाईट निघाले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तार 'लाइन' किंवा 'ऑक्स' मध्ये हलविताच तेच यंत्र शहाण्यासारखे वागू लागते.

माइकची तीन टोकांची तार लांब अंतरासाठीच बनविलेली असते. तिच्या आत दोन तारांतून एकच आवाज परस्परविरुद्ध दिशेने नेला जातो. वाटेत शिरलेली विजेची गुणगुण मात्र दोन्ही तारांत सारखीच शिरते, आणि मिक्सर दोहोंतील फरक घेत असल्यामुळे ती गुणगुण आपोआप वजा होते. वीसपंचवीस मीटर अंतरावरील व्यासपीठापर्यंत अशी तार बिनदिक्कत नेता येते. साध्या एकेरी तारेच्या बाबतीत पाचसहा मीटरच्या पुढे धोका असतो.

मोबाइलवरील गाणे लावताना घडणारा एक चमत्कार शिक्षकांनी अवश्य ओळखून ठेवावा. समूहनृत्याचे गाणे सुरू होते, ढोलकी ऐकू येते, पेटी ऐकू येते, पण गायकाचा आवाजच नाहीसा होतो. मोबाइलमधून डाव्या व उजव्या बाजूचे दोन आवाज निघतात; दोन्ही टोकांना सारखीच दुहेरी पिन असलेली तार माइक चॅनेलच्या एका छिद्रात खोचली, तर तो चॅनेल वर सांगितल्याप्रमाणे दोहोंतील फरक घेतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखा भरलेला असतो, म्हणून तोच वजा होतो आणि बाजूबाजूची वाद्ये उरतात. यावर उपाय एकच : एका टोकाला मोबाइलची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन स्वतंत्र जाड पिना असलेली तार आणावी, व त्या दोन पिना मिक्सरच्या जोडचॅनेलच्या डाव्या व उजव्या छिद्रांत खोचाव्या. पुढे ध्वनिवर्धकाला मिक्सरची एकच बाजू जोडलेली असेल, तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो' आवाज निवडावा. नाही तर उजव्या बाजूचे वाद्य हरवेल. कार्यक्रम संपेपर्यंत मोबाइल विमान-स्थितीत ठेवावा, हे सांगावयास नकोच.

आता सर्वांत महत्त्वाचे बटण, 'गेन'. माइकमधून आलेला क्षीण आवाज यंत्रात शिरताच किती वाढवावयाचा, ते हे बटण ठरविते. पुष्कळ ठिकाणी याला हातच लावला जात नाही आणि सगळी धडपड 'लेव्हल' व 'मेन' यांवर चालते. पाणी विहिरीच्या तोंडाशीच गढूळ झाले तर खालची दारे कितीही लोटली तरी ते निवळत नाही. 'गेन' फार वाढल्यामुळे आवाज फाटला, की 'लेव्हल' कमी करून तो फक्त हळू होतो. फाटलेला तो फाटलेलाच राहतो. उलट 'गेन' फार कमी ठेवून पुढे सर्व बटणे शेवटापर्यंत फिरविली, तर आवाजाबरोबर यंत्राची सरसरही वाढते.

योग्य रीत अशी. प्रथम 'लेव्हल' व 'मेन' पूर्ण खाली घ्यावे. जे मूल बोलणार आहे त्यालाच माइकपुढे उभे करावे आणि कार्यक्रमात बोलणार तेवढ्याच जोराने पाढे म्हणावयास सांगावे. माइकवर टिचक्या मारणे किंवा फुंकर घालणे ही चाचणी नव्हे. तिने माइकला इजा मात्र होते. मूल पाढे म्हणत असता 'गेन' हळूहळू वाढवावे. 'पीक' नावाचा लाल दिवा आवाजाच्या उंच जागी क्षणभर लुकलुकू लागला, की बटण थोडे मागे घ्यावे. मग 'लेव्हल' व 'मेन' शून्याच्या खुणेवर आणून मैदानात किती मोठा आवाज हवा, ते शेवटी ध्वनिवर्धकाच्या बटणाने ठरवावे. मुले परीक्षेपेक्षा प्रत्यक्ष समारंभात अधिक जोराने बोलतात, काही एकदम हळू होतात. म्हणून मिक्सरजवळ बसलेल्या शिक्षकाने पहिल्या दोन वाक्यांपर्यंत हात 'लेव्हल'वर ठेवावा. 'गेन' मात्र एकदा बसविल्यावर भाषणाच्या मध्येच हलवू नये.

कर्ण्याच्या शिळेचे कारण सोपे आहे. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. प्रत्येक फेरीत तो पूर्वीहून मोठा होऊ लागला, की एक स्वर बळावतो व तीच ती शीळ. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. शीळ सुरू होताच सर्व बटणे धडाधड खाली ओढण्याची सवय असते. त्याने शीळ थांबते, पण मुलाचा आवाजही बुडतो. खरा उपाय माइकच्या जागेत आहे. तोंडापासूनचे अंतर निम्मे झाले की माइकपाशी आवाजाचा दाब सुमारे दुप्पट होतो, आणि कर्ण्याकडून येणारा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. चाळीस सेंटिमीटरवरचा माइक दहा सेंटिमीटरवर आणला तर मुलाचा आवाज सुमारे चौपट मिळतो. कोणतेही बटण एवढे काम फुकट करीत नाही.

यास्तव माइकची उंची प्रत्येक मुलागणिक बदलणे आवश्यक ठरते. मुख्याध्यापकांच्या भाषणासाठी उभा केलेला दांडा पहिलीच्या मुलीसाठी तसाच ठेवला, तर ती मान वर करून टाचा उंचावते, आणि तिचा निम्मा आवाज माइकच्या खालून निघून जातो. शक्य असल्यास दोन दांडे ठेवावे, एक उंच व एक ठेंगणा. माइक ओठांच्या अगदी समोर न धरता हनुवटीच्या पातळीवर किंचित बाजूला असावा. कारण फ, भ, प, ब या वर्णांबरोबर निघणारा श्वासाचा झोत सरळ आत शिरला तर कर्ण्यातून ठोके ऐकू येतात. माइकच्या जाळीभोवती मूठ आवळू देऊ नये. नेहमीचा माइक समोरचा आवाज अधिक घेतो व पाठीमागचा टाळतो. जाळी झाकली गेली की त्याचा हा गुण नष्ट होतो आणि शीळ लवकर येते. कर्णे नेहमी माइकच्या रांगेच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर बांधलेला कर्णा हा शिळेला दिलेले आमंत्रणच होय.

समूहगीतासाठी प्रत्येक दोन मुलांमागे एक माइक लावण्याचा मोह आवरावा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शीळ येण्यापूर्वी मिळू शकणारा आवाज सुमारे तीन डेसिबेलने घटतो. शिवाय जवळजवळच्या दोन माइकांत एकच आवाज अल्प अंतराने शिरला, तर तो पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. गाणाऱ्यापासून माइक जेवढा दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांत असावे. तीस सेंटिमीटरवरून गाणाऱ्यांसाठी दोन माइक नव्वद सेंटिमीटर दूर. दहाबारा मुले अर्धवर्तुळात उभी करून दोन माइक पुरतात. ज्याचे काम संपले, त्याचा चॅनेल बंद करावा.

स्वर सुधारण्याच्या बटणांचा उपयोग जपून करावा. मुलाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारणपणे अडीचशे ते तीनशे हर्ट्झच्या आसपास असतो. त्यामुळे 'लो कट' ही कळ दाबून ऐंशी हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकला तर बोलण्यातले काही हरवत नाही. वाऱ्याची घरघर आणि व्यासपीठावरील पावलांचा धडधडाट मात्र जातो. डग्ग्याच्या माइकवर ही कळ उघडीच ठेवावी, अन्यथा त्याचा घुमारा नाहीसा होईल. पत्र्याच्या सभागृहात शब्द एकमेकांत मिसळत असतील तर 'लो' थोडे कमी करावे. 'हाय' वाढविण्यापेक्षा हे बरे. प्रतिध्वनीचे बटण बहुतेकांना फार आवडते. ते भाषणाच्या वेळी पूर्ण बंद असावे, एवढेच त्याविषयी पुरे.

विजेच्या बाबतीत हयगय चालणार नाही. स्वातंत्र्यदिन ऐन पावसाळ्यात येतो. मैदान ओले, मुले अनवाणी आणि माइक धातूचा. अर्थिंग नसलेल्या जोडणीतून यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती माइकच्या तारेतून मुलाच्या हातापर्यंत पोहोचू शकते. तीन पिनांची खोचणी वापरावी, गुणगुण थांबविण्यासाठी अर्थिंगची पिन कधीही काढू अथवा तोडू नये. गुणगुण येत असेल तर मिक्सर व ध्वनिवर्धक यांना एकाच फळीवरून वीज द्यावी. ती बहुधा थांबते. जोडणीच्या मागे तीस मिलिॲंपिअरचा गळतीरोधक स्विच असल्यास उत्तम. तारांचे सांधे जमिनीवर उघडे नसावेत, आणि मुलाच्या हाती माइक देण्यापूर्वी मोठ्या माणसाने यंत्राचा पत्रा व माइक टेस्टरने तपासावेत.

मिक्सरवर '४८ व्होल्ट' अशी कळ असल्यास ती केवळ कंडेन्सर जातीच्या माइकसाठी आहे, हे ध्यानात असावे. नेहमीच्या हातमाइकला तिची गरज नसते, म्हणून ती बंद असावी. आणि माइक खोचताना वा काढताना तर ती बंदच असावी.

आवाज ऐकू जावा, पण पुढे बसलेल्या मुलांच्या कानांवर आघात होऊ नये, याचाही विचार व्हावा. कर्णे जमिनीवर ठेवले की पहिली रांग बधिर होते आणि शेवटच्या रांगेला काही पोहोचत नाही. ते माणसाच्या डोक्याहून उंच, मागच्या रांगेकडे किंचित झुकलेले असावेत. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्या जागी त्याचा वापर निषिद्ध आहे. स्नेहसंमेलनाची वेळ ठरवितानाच ही परवानगी मागून ठेवावी.

यंत्र सुरू करताना मिक्सर आधी आणि ध्वनिवर्धक सर्वांत शेवटी. बंद करताना ध्वनिवर्धक सर्वांत आधी. हा क्रम उलटला तर कर्ण्यात मोठा ठोका बसतो व कर्ण्याचा पडदा फाटू शकतो. कार्यक्रमानंतर तारा कोपर व अंगठा यांच्यामध्ये ताणून गुंडाळू नयेत. सैल वेटोळे करून दोरीने बांधावे. मिक्सरवर धूळ बसू नये म्हणून कापडी आच्छादन शिवून घ्यावे. शिवाय शाळेच्या सामानाच्या वहीत एक पान राखून त्यावर कोणत्या चॅनेलला काय जोडले होते, कोणते बटण कोणत्या खुणेवर होते आणि कर्णे कोठे बांधले होते, याची आकृतीसह नोंद करावी. शिक्षकांच्या बदल्या होतात. नव्याने आलेल्या शिक्षकाला ते पान पाहून अर्ध्या तासात सर्व मांडणी करता येईल.