धुक्यातली नोंदवही

पक्षिनिरीक्षण हा लख्ख उजेडात, दुर्बीण डोळ्याला लावून करावयाचा छंद आहे, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या शहापूर-मुरबाड भागात मात्र हिवाळ्यातली पक्ष्यांची खरी वेळ, म्हणजे सकाळचे पहिले दोन तास, पुष्कळदा धुक्यात जाते. तानसा, भातसा व बारवी या जलाशयांच्या काठी काही हिवाळे फिरून मला जे उमगले, ते येथे मांडत आहे.

प्रथम धुक्याविषयी. माळशेज घाटातले पावसाळी धुके म्हणजे डोंगराला टेकलेला ढगच होय. हिवाळ्यातले धुके जमिनीवरच जन्मते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता गमावते, तिच्यालगतची ओलसर हवा थंडावते आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून सखल भागात साचते. म्हणून टेकडीवर कोवळे ऊन आणि खाली पाण्यावर धुके, असे दृश्य दिसते.

अशा वेळी पहिले साधन म्हणजे कान. टिबुकलीची खिंकाळल्यासारखी थरथरती शीळ, वारकऱ्याचे तुटक ओरडणे, हिमालयाकडून आलेल्या करड्या धोब्याची उडताना होणारी टोकदार हाक हे सारे धुक्यातूनही ओळखता येते. दुसरे साधन म्हणजे चाल. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलावर शेपटाकडचा भाग सतत खालीवर हलवणारी आकृती तुतवाराची. तो उडतो तोही पाण्यालगत, पंख ताठ ठेवून, थांबत-थांबत. रंग दिसला नाही तरी एवढे पुरे होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही धरणे खोल आहेत, काठ बहुधा उताराचे आहेत. त्यामुळे बदके शोधायची तर भिंतीजवळ नव्हे, ओढे मिळतात तेथील उथळ टोकांना शोधावीत.

धुके आकारही फसवे करते. अंधुक दिसणारी वस्तू मनाला दूरची वाटते आणि दूरची म्हणून मोठी वाटते. ओंडक्यावरचा पाणकावळा केवढा तरी भासतो. यासाठी मी वहीत तीन रकाने आखतो: पाहिले, ऐकले, ओळख अनिश्चित. नऊच्या सुमारास धुके विरले की त्याच जागेवरून पुन्हा मोजतो; पण पहिली नोंद खोडत नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रानपिंगळ्याच्या कथेत आहे. या घुबडाचा शेवटचा खरा नमुना 1884 साली गोळा झाला. पुढे रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1914 सालचा म्हणून एक नमुना दाखवला. तो जुना, चोरलेला नमुना असल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरीस उघड झाले. त्या खोट्या नोंदीमुळे शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. खोटी नोंद बाजूला सारल्यावर 1997 मध्ये पॅमेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना हा पक्षी शहाद्याजवळ जिवंत आढळला. आणि 2014 मध्ये तो आपल्या तानसा अभयारण्यातही दिसला. म्हणजे ‘दिसला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही, आणि ‘दिसला’ म्हणून लिहिलेले सारेच खरे नसते.

तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजते. किती पाणी गेले याचा हिशेब रोज ठेवला जातो. त्या पाण्यावर कोण उतरले, किती उतरले याचा हिशेब ठेवणारे थोडे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि तिला सामान्य हौशी माणसांच्या वह्याच आधार देतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनांची पारख शिकवावी लागते, भाषेच्या विद्यार्थ्याला नेमका शब्द. पक्ष्यांच्या वहीला हे दोन्ही लागतात. तेव्हा हे काम केवळ विज्ञानशाखेचे आहे असे आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी मानू नये.