प्रदर्शनासाठी खोंड चालता करा

खरसुंडी किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार खोंड कितीही देखणा असला, तरी तो झटके देऊ लागला तर पंचांना त्याची चाल दिसणार कशी?

म्हणून तासगावकरांनी लहानपणीच सुरुवात करावी. अंगावरून रोज हात फिरवा. मऊ सुती म्होरकी घालून दोन-चार दिवस सवय होऊ द्या. मग सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चालवा. पुढून ओढू नका, ओढलं की तो पाय रोवतो, खांद्यापाशी चाला. पाऊल टाकलं की कासरा लगेच ढिला सोडा, तेच त्याचं बक्षीस. शेवटी हलगीची, गर्दीची सवय लावा.

कासरा हाताला मात्र गुंडाळू नका. आम्ही एकदा गुंडाळला, खोंड बिथरला आणि तळहात सोलून निघाला. अडला तरी मारू नका. मार लक्षात राहतो, शिकवण राहत नाही.